झालानाच्या सावलीत सौर पॅनेल? आधी ऊन शोधा!

झालाना हा जयपूरचा बिबट्यांचा डोंगर. अरवलीची ही रांग मालवीय नगरच्या पूर्वेला उभी आहे, त्यामुळे पायथ्याच्या बागांना सकाळचं कोवळं ऊन उशिराच मिळतं. त्यात कुंपणाची भिंत आणि शेजारचा कडुनिंब. अशा बागेत छोटी सौर पॅनेल चालतील का? चालतील की! पण सावलीचं गणित जमायला हवं, आणि ते भलतंच मजेदार आहे.

दोन मीटर उंचीची भिंत घ्या. जयपुरात 21 जूनच्या मध्यान्ही तिची सावली पडते जेमतेम 12 सेंटिमीटर. डिसेंबरच्या अखेरीस तीच भिंत बागेत 2.4 मीटरपर्यंत सावली टाकते! म्हणून पॅनेलची जागा हिवाळ्यातल्या सावल्या बघूनच ठरवावी. महाराष्ट्रात आपण शून्य सावलीचा दिवस हौसेनं साजरा करतो; जयपूरला तो कधीच येत नाही. कर्कवृत्त राजस्थानच्या अगदी दक्षिणेला, बांसवाड्याच्या बाजूनं जातं आणि जयपूर त्याच्या बरंच वर आहे.

पॅनेल किती कलतं ठेवायचं, याचं उत्तर याच शहरात अठराव्या शतकापासून दगडचुन्यात उभं आहे. जंतरमंतर या वेधशाळेतलं सम्राट यंत्र, म्हणजे सुमारे 27 मीटर उंचीचं अवाढव्य सूर्यघड्याळ! त्याचा उतार जयपूरच्या अक्षांशाइतका, जवळपास 27 अंश. वर्षभराचा हिशेब धरला तर दक्षिणेकडे तोंड केलेलं पॅनेलही साधारण तेवढंच कलतं हवं. या यंत्रावरची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, चक्क डोळ्यांना दिसते. आणि मराठी वाचकांसाठी खास गोष्ट: जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले, टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणणारे पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते. जंतरमंतर बघताना ही आठवण आपण ठेवायलाच हवी.

पॅनेलवर फांदीची एवढीशी सावली पडली तर एवढंसंच नुकसान होईल, असं वाटतं ना? तसं होत नाही. आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. पाण्याच्या नळीवर एका जागी पाय पडला की पुढची सगळी धार बारीक होते, तसंच इथे. मोठ्या पॅनेलमध्ये सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारे बहुधा तीन बायपास डायोड असतात, म्हणून एका सेलवरची दाट सावली साधारण तिसरा हिस्सा खाऊन थांबते. बागेतल्या छोट्या पॅनेलला बहुतेकदा एवढंही संरक्षण नसतं.

झालानाच्या जंगलातला मुख्य वृक्ष धोक. उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो, म्हणजे ऐन उन्हात सावली गायब! पण म्हणून मे महिन्यात विक्रमी वीज मिळेल असं नाही. 25 अंशांच्या वर पॅनेल जितकं तापेल, तितकी प्रत्येक अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. 65 अंशांना तापलेलं पॅनेल सातवा-आठवा हिस्सा असाच गमावतं, शिवाय आँधीची धूळ असतेच. पुसायचं तर भल्या पहाटे, काच थंड असताना.

माझं मत विचाराल तर पॅनेल बागेत हवंच कशाला? ते गच्चीवर ठेवा आणि वायर खाली आणा. फक्त वायर जाड घ्या. 20 वॅटचं पॅनेल, 12 व्होल्ट आणि 20 मीटर अंतर असेल, तर अर्धा चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे 20 टक्के वीज वाटेतच जिरते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत 7 टक्क्यांच्या आत.

भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडायच्या पॅनेलचं वेड जर्मनीत जोरात आहे. असे दहा लाखांहून जास्त संच तिथे नोंदले गेलेत. 2024 पासून त्यांच्या इन्व्हर्टरची मर्यादा आहे 800 वॅट. बर्लिनचा डिसेंबरातला सूर्य मध्यान्हीही 14 अंशांवरच असतो, जयपूरचा जवळपास 40 वर! तरीही आपल्याकडे वीज कंपनीला विचारल्याशिवाय असा प्लग लावू नका. नेट मीटर नसेल, तर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापर म्हणून मोजणारे मीटर आपल्याकडे अनेक घरांत आहेत. शिवाय वीज गेली की अशा संचाचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून. लाइट गेल्यावरही बागेतलं कारंजं उडायला हवं असेल, तर 12 व्होल्टचा स्वतंत्र पंप आणि छोटी बॅटरीच बरी.