पाणी आपसूक फिरते, पण अटींवर

उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. तोल गेलेल्या यंत्राच्या हादऱ्यांनी जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला, पेटला आणि आग केबलींच्या वाटेने पसरत गेली. अणुभट्टी मिनिटाच्या आत बंद झाली होती. मात्र केबली जळाल्याने युनिटला कुठूनच वीज मिळेना आणि धुरामुळे नियंत्रण कक्षही सोडावा लागला. हा अंधार १७ तास टिकला. अणुभट्टीतले पाणी फिरवणारे मुख्य पंप त्या काळात बंद होते, तरीही गाभा शाबूत राहिला आणि केंद्राबाहेर किरणोत्सर्ग गेला नाही. पंपांविना पाणी फिरत राहिले म्हणून गाभा वाचला, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच.

अणुभट्टी बंद केली म्हणजे विखंडनाची साखळी थांबते. विखंडनातून निघालेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांची उष्णता मात्र चालूच राहते. पहिल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभरानंतरही अर्धा टक्का उरते. नरोऱ्यासारख्या २२० मेगावॉट वीज देणाऱ्या (आणि उष्णता त्याहून कितीतरी जास्त निर्माण करणाऱ्या) अणुभट्टीत तासाभरानंतरचा आकडा दहा मेगावॉटच्या घरात जातो. ही उष्णता वाहून नेण्याची सोय रचनेतच असते. स्टीम जनरेटर गाभ्यापेक्षा उंचावर बसवलेले असतात. गाभ्यात तापलेले, हलके झालेले ‘जड पाणी’ (हेवी वॉटर) वर चढते, स्टीम जनरेटरच्या नळ्यांत उष्णता सोडून जड होते आणि खाली परतते. गच्चीवरच्या सौर बंबात टाकी पॅनेलच्या वर ठेवतात ती याच कारणाने. हे बळ पंपाच्या मानाने फार थोडे असते आणि पूर्ण शक्तीवर पुरत नाही. पण दोन-चार टक्क्यांसाठी पुरेसे ठरते. पंपांना जोडलेली जड चक्रे वीज गेल्यावरही काही वेळ फिरत राहतात, त्यामुळे प्रवाह एकदम तुटत नाही.

उरलेले अर्धे उत्तर स्टीम जनरेटरच्या दुसऱ्या बाजूला आहे. गाभ्यातून आलेली उष्णता तिथले साधे पाणी उकळवते आणि वाफ बाहेर सोडली जाते. दहा मेगावॉट उष्णता अशी काढायची तर सेकंदाला जवळपास चार लिटर पाणी वाफ होऊन जाते. हे पाणी भरले नाही, तर जड पाणी वर-खाली फिरण्याचे कारणच संपते. नरोऱ्यात ते भरले ते आग विझवण्यासाठी ठेवलेल्या, स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालणाऱ्या पंपांनी, आणि ते चालू केले माणसांनी. साखळी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचारी बॅटरीच्या दिव्यांच्या उजेडात अणुभट्टीच्या इमारतीत वर चढले आणि बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हातांनी उघडल्या. निसर्गाने पाणी फिरवले. ते फिरत राहील अशी स्थिती माणसांनी राखली.

स्टीम जनरेटरला पाणी मिळत राहणे ही पहिली अट. दुसरी अशी, की वाट पाण्याने भरलेली हवी. अमेरिकेत थ्री माइल आयलंडमध्ये २८ मार्च १९७९ रोजी पाणी गळत असताना पंप थांबवले गेले. नैसर्गिक अभिसरण सुरू होईल, ही अपेक्षा होती. पण नळ्यांत वाफ साठली होती, प्रवाह तुटला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. महिन्याभराने, वाट पुन्हा भरल्यावर, त्याच अणुभट्टीत याच पद्धतीने उष्णता काढता आली. फ्लोरिडातल्या सेंट लुसी केंद्रात जून १९८० मध्ये गळती नव्हती. पंपांच्या सीलना थंड ठेवणारे पाणी बंद पडल्याने पंप थांबवून अणुभट्टी थंड करायला घेतली होती. मुख्य प्रवाह निवत गेला, पण अणुभट्टीच्या पात्राच्या टोपणाखालचे पाणी जवळजवळ स्थिर असल्याने गरमच राहिले. दाब उतरवताच त्याची वाफ झाली आणि तिने ढकललेल्या पाण्यामुळे दाब राखणाऱ्या प्रेशरायझर टाकीतली पातळी अचानक चढली. चालकांनी परिस्थिती सावरली, इंधनाला धक्का लागला नाही. पण सगळ्या पात्राचे तापमान एकाच वेगाने उतरत नाही, म्हणून दाब किती झपाट्याने उतरवायचा याला मर्यादा असते, हे पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकांनी अशा अणुभट्ट्यांच्या कार्यपद्धतीत आणि प्रशिक्षणात आणायला सांगितले.

इतक्या अटी असतील तर यावर विसंबायचे कशाला, असा आक्षेप येतो आणि त्यासाठी फुकुशिमाकडे बोट दाखवले जाते. तिथल्या पहिल्या युनिटमध्ये पंपाविना गाभा थंड करणारा आयसोलेशन कंडेन्सर होता. भूकंपानंतर तो सुरूही झाला. पात्र ताशी ५५ अंशांपेक्षा वेगाने थंड होऊ नये म्हणून चालक तो अधूनमधून बंद करत होते. त्सुनामीने वीज नेली तेव्हा झडपा मिटलेल्या होत्या आणि त्या उघड्या आहेत की बंद, हे दाखवणारे दिवेही विझले. इथे प्रवाहाचा नियम चुकला नव्हता. त्या नियमाला मोकळीक देणारी झडप विजेवर अवलंबून होती आणि तिची स्थिती कळायला मार्ग नव्हता.

नव्या रचना याच उणिवांवर काम करतात, असे उत्तर मिळेल. काकरापारच्या ७०० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत उंचावरच्या टाक्यांतले पाणी स्टीम जनरेटरमधली वाफ निववते आणि त्या वाफेचे झालेले पाणी गुरुत्वाने परत उतरते. हे खरोखर पुढचे पाऊल आहे. पण टाकीलाही तळ असतो, आणि तिथवर मिळालेला वेळ पाणी भरायची सोय करण्यासाठीच असतो. आपल्याकडे तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांत नरोऱ्याच्याच घराण्यातल्या, जड पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत. त्यांच्या सुरक्षिततेबद्दल विचारायचे तर ‘यंत्रणा आपोआप चालते का’ हा प्रश्न अपुरा आहे. पूर्ण अंधारात स्टीम जनरेटरला पाणी कुठून येणार, कोणती झडप हाताने उघडते, तिथवर माणूस किती मिनिटांत पोचतो आणि त्याने हा सराव शेवटचा कधी केला, हे विचारायला हवे. नियम सर्वत्र सारखाच लागू असतो. केंद्राकेंद्रांतला फरक या चार उत्तरांत असतो.