तीर्थन नदीतील ट्राउट व फ्लाय फिशिंग : एक परिचय

प्रस्तावना :
मार्च महिन्यात सह्याद्रीतील ओढे आटू लागतात. त्याच सुमारास, १ मार्च रोजी, हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात तीर्थन नदीवर ट्राउट माशांच्या मासेमारीचा हंगाम खुला होतो. गळ टाकून मासे धरणे आपल्याला परिचित आहे. परंतु ‘फ्लाय फिशिंग’ हा प्रकार मासा, कीटक आणि पाणी यांच्या परस्परसंबंधाच्या ज्ञानावर उभा आहे. हे ज्ञान कोणते आणि त्यातून कोणता प्रश्न उद्भवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्र व त्यामागील कारणे :
नेहमीच्या गळात आमिष व शिसे यांच्या वजनामुळे दोरी दूर जाते. फ्लाय फिशिंगमध्ये याच्या उलट घडते. पिसे व दोरा आकड्याला बांधून केलेली कृत्रिम माशी अगदी हलकी असते. म्हणून दोरीच जड ठेवून ती लवचीक काठीच्या झोक्याने पुढे फेकली जाते.

ट्राउट हा थंड पाण्यातील मासा होय. शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर २० अंशांना हे प्रमाण सुमारे ९.१ मिलिग्रॅमवर येते. मात्र अतिथंड पाण्यात माशाची हालचाल मंदावते. वसंताच्या आरंभी तो खोल, संथ डोहात राहतो आणि दगडांखालून वाहत येणाऱ्या कीटकांच्या अळ्या खातो. त्यामुळे या दिवसांत तरंगत्या माशीपेक्षा तळाशी जाणारी माशी आणि सकाळपेक्षा दुपारची वेळ अधिक फलदायी ठरते. पुढे बर्फ वेगाने वितळू लागल्यावर पाणी गढूळ होते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मासेमारीस बंदी असते, कारण ब्राऊन ट्राउट त्या काळात खडीत अंडी घालतो. हंगाम उघडला तरी काही पिल्ले खडीतच असू शकतात. म्हणून उथळ खडीवरून चालणे टाळणे, हाही या कलेचाच भाग मानला पाहिजे.

एक अंतर्विरोध :
ब्राऊन ट्राउट मूळचा भारतीय नव्हे. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांपासून तो काश्मीरमध्ये रुजला. पुढे १९०९ च्या सुमारास कुलू खोऱ्यातील महिली येथे त्याचे बीजकेंद्र उभारले गेले. याच नद्यांत ‘स्नो ट्राउट’ हा स्थानिक मासा आढळतो. नावात ट्राउट असले, तरी तो कार्प कुळातील असून दगडांवरील शेवाळ खरवडून खातो. परका ट्राउट मात्र मांसाहारी आहे. स्नो ट्राउटची एक प्रमुख जाती आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात नोंदली गेली आहे. धरणे व अतिरेकी मासेमारी यांबरोबरच परके मासे हेही त्याचे एक कारण मानले जाते.

समारोप :
तीर्थन नदी ज्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते, त्यास २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिच्या खोऱ्यात ट्राउटमुळे पर्यटक येतात व स्थानिकांना रोजगार मिळतो. त्यामुळे त्याला सरसकट हटवा असे म्हणणे व्यवहार्य नाही. तथापि, केवळ ट्राउटच्या विपुलतेवरून नदीचे आरोग्य ठरविणेही योग्य नव्हे. ट्राउटबरोबरच स्थानिक माशांचीही नियमित नोंद ठेवली गेली, तरच मासेमारीचे नियम संपूर्ण नदीच्या हिताचे ठरू शकतील, असे वाटते.