पोलादापलीकडचं सांगणारा थर्मामीटर

एप्रिल १९६८. अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या एका कागद कारखान्याची विहीर फुटली. पाणी उपसायची नव्हे, लगदा शिजवून उरलेलं सांडपाणी खोल खडकात दाबायची विहीर. पोलादी नळी गंजून फाटली आणि कायमचं गाडलं म्हणून समजलेलं ते काळं द्रावण जमिनीवर आलं, सरोवरात वाहत गेलं. पुढे १९७४ मध्ये तिथे सुरक्षित पेयजलाचा कायदा झाला आणि अशा इंजेक्शन विहिरींना वेळोवेळी तपासणी देणं भाग पडलं.

कायदा विहिरीला दोन प्रश्न विचारतो. आतल्या नळ्या गळतात का, हा पहिला. ट्यूबिंग (आतली नळी) आणि केसिंग (तिच्याभोवतीची पोलादी नळी) यांमधल्या पोकळीत दाब भरायचा आणि तो टिकतो का पाहायचं, की उत्तर मिळतं. दुसरा खरा अवघड. केसिंग आणि खडक यांच्यामध्ये भरलेल्या सिमेंटला वाट फुटून द्रव वर, पिण्याच्या पाण्याच्या थराकडे चढतो आहे का? तिथे कॅमेरा पोहोचत नाही. उष्णता मात्र पोलादातून सहज आरपार जाते.

जमिनीत खाली जावं तसं तापमान किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. विहिरीत सोडलेला द्रव बहुधा खालच्या खडकापेक्षा थंड असतो. वाटेत तो भोवतालचा खडक थोडाच गार करतो, पण ज्या थरात तो शिरतो तिथला खडक पार दूरपर्यंत निवतो. आता इंजेक्शन थांबवायचं आणि विहीर बंद ठेवायची, अनेकदा ३६ तास. वरचा खडक लवकर आपल्या मूळ तापमानाकडे परततो. द्रव मुरलेला थर थंडच राहतो. पेलाभर पाणी लगेच कोमट होतं, घंगाळभर पाण्याला वेळ लागतो, तसंच हे.

मग केबलला बांधलेला तापमापक खाली सोडतात. नोंद उतरतानाच घ्यायची, कारण उपकरणाने ढवळलेल्या पाण्याचं तापमान भरवशाचं राहत नाही. वेगही संथ, मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या आत. अंशाच्या छोट्याशा भागाचा फरक इथे महत्त्वाचा असतो. आलेखावर इंजेक्शनच्या थरापाशी थंडीची खोल खाच दिसली तर ती अपेक्षितच. तशी दुसरी खाच त्याच्या वर, जिथे द्रव जाण्याचं काहीच कारण नाही अशा थरात दिसली, तर सिमेंटमागे वाट फुटल्याची शंका घ्यावीच लागते.

मला या तपासणीचा आदर वाटतो तो तिच्या धीरामुळे. घाईने विहीर उघडली तर आलेख काहीच बोलत नाही. शिवाय शेल आणि वालुकाश्म उष्णता वेगवेगळ्या गतीने वाहतात, म्हणून निव्वळ खडक बदलल्यानेही रेषा वाकते. यासाठी गॅमा किरणांची नोंद सोबत घ्यायची आणि त्याच विहिरीचे जुने आलेख शेजारी ठेवायचे. अनुभवी माणसाचा डोळा इथेच कामी येतो. द्रव आणि खडक यांचं तापमान जवळजवळ सारखं असेल तर मात्र ही पद्धत आंधळी ठरते. तेव्हा प्रवाहाचा आवाज ऐकणारं उपकरण किंवा किरणोत्सारी माग यांचा आधार घेतात.

हे तंत्र जुनं आहे. सिमेंट घट्ट होताना तापतं, हे हेरून १९३० च्या दशकातले तेल अभियंते केसिंगमागे सिमेंट कुठवर चढलं ते तापमानावरूनच ओळखत. आता केसिंगला लागून काचतंतू बसवता येतो. लेझरचा झोत त्यातून धावतो आणि परतणाऱ्या प्रकाशातल्या रामन परिणामावरून जागोजागचं तापमान सतत कळतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा कोलकात्यातला १९२८ चा शोध असा जमिनीखाली पहारा देतो आहे.

आपल्याकडे मुंबई हायच्या तेलथरांत समुद्राचं पाणी दाबलं जातं, आणि कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याचीही चर्चा चालू आहे. अमेरिकेत २०१० च्या नियमांनुसार कार्बन साठवणाऱ्या विहिरीच्या बाहेरच्या बाजूची तपासणी दरवर्षी करावी लागते. घातक सांडपाण्याच्या विहिरीला तापमान, आवाज किंवा तशा इतर नोंदीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. माझ्या मते ती मुदत फार लांब आहे. आपण नियम लिहू तेव्हा मुदत वर्षाचीच ठेवावी, आणि प्रत्येक आलेख त्या विहिरीजवळच्या गावाला मागताच पाहायला मिळावा.