चांदोलीतला आजीचा फणस

ग्रुपवर एकानं ‘रविवारी जंगल?’ असं टाकायचं, चौघांनी अंगठे दाखवायचे आणि शनिवारी रात्री दोघांनी टांग द्यायची. तुमच्या कट्ट्यावरही हेच होत असणार! आमचा चांदोलीचा प्लॅन असाच तीनदा बारगळला. चौथ्यांदा मात्र पाचही जण गेलो, कारण यावेळी एका मैत्रिणीच्या आजीनं काम सांगितलं होतं.

आजीचं सासर चांदोलीच्या जंगलात होतं. ‘होतं’ असंच म्हणायचं, कारण आता तिथं गाव नाही. या भागातली काही गावं वारणा धरणाच्या पाण्याखाली गेली, काही अभयारण्यासाठी उठवली गेली. आजी आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. तिनं फोनवर बजावलं, “वाघ दिसू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. आमच्या दारात मी लावलेला फणस हाय का तेवढं बघा. आन् अंगणातली मूठभर माती आणा.”

आता तुमचा पहिला प्रश्न : पुण्याहून चांदोली एका दिवसात होतं का? होतं, पण पहाटे साडेतीनला गाडी निघाली तरच. खंबाटकी, सातारा, कराड असा हायवे संपवायचा, पेठनाक्याला वळून शिराळा, आरळा करत मणदूरकडे जायचं. एका बाजूचेच दोनशेहून जास्त किलोमीटर होतात. शिराळ्यानंतर रस्ता अरुंद होतो, मग मॅप दाखवेल ती वेळ विसरा. आम्ही कराडला मिसळ हाणली, तिथंच ड्रायव्हर बदलला आणि टाकी फुल केली. पुढे रेंज जाते, त्यामुळे मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. परवानगी आणि वेळा निघायच्या आधी फोन करून पक्क्या करा, नाहीतर नाक्यावरूनच परत फिराल.

थोडा अभ्यासही करून जा. चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, क्षेत्रफळ सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातही चांदोली आहे. पण हे ताडोबा नाही हं! इथं झाडी दाट, डोंगर उभे. वाघ दिसेलच असं धरून गेलात तर दिवसभर तोंड पाडून बसाल. आम्हाला गव्यांचा कळप दिसला, भेकराचं ओरडणं ऐकू आलं आणि डोक्यावरून एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर गेलं. मग झाडी संपून एकदम मोकळा, जांभ्या दगडाचा झोळंबीचा सडा लागला. तिथं पाच मिनिटं कुणीच मोबाइल काढला नाही. आमच्या ग्रुपसाठी हा रेकॉर्डच आहे!

गाइड काकांना आम्ही फणसाचं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “जंगलात आंबे-फणस जवळजवळ दिसले की समजायचं, हितं घरं होती.” थोड्या वेळानं त्यांनी बोट दाखवलं. गवतात बुडालेलं घराचं जोतं, पलीकडे ढासळलेला बांध आणि तीन फणस. मार्च महिना होता, खोडांना कोवळे फणस लगडलेले. आपण ज्याला ‘अनटच्ड’ म्हणून रील टाकतो, त्या रानात कुणाची तरी चूल पेटत होती, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मैत्रीण मातीसाठी खाली वाकली आणि काकांनी थांबवलं. राष्ट्रीय उद्यानातून दगड, पान, माती काहीच न्यायचं नाही, कायदाच तसा आहे. ती म्हणाली, “काका, ही आमच्याच गावची माती आहे.” काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरी, माझं गाव पण वरच होतं. मी पण नेली न्हाई.”

यावर आम्ही कोण काय बोलणार? तिनं हात झटकले आणि फोटो काढला. मला अजूनही वाटतं, आजीला मूठभर माती मिळायला हवी होती. आणि हेही पटतं, की गाडीतून येणाऱ्या प्रत्येकानं एकेक मूठ नेली तर या जंगलाचं काय उरेल? जंगल राहावं म्हणून आजीनं घर सोडलं. मग आपण निदान वेफर्सची पाकिटं परत आणायची, स्पीकर गाडीतच ठेवायचा आणि गाइडचं ऐकायचं. एवढं जमत नसेल तर मॉलमध्ये जा, पार्किंग पण मिळतं.

परतीला दुपारी तीनला निघालो. खरा धोका गव्यांचा नसतो, हायवेवर येणाऱ्या झोपेचा असतो. गाडी चालवणारा मित्र एकच वाक्य दुसऱ्यांदा बोलला, तेव्हा साताऱ्याजवळ गाडी बाजूला घेऊन त्याला पाऊण तास झोपवलं. घरी पोहोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली, पण पाचही जण धड पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी आजीला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. तिनं बराच वेळ बघितला. “ह्यो आमचा न्हवं. शेजारच्यांचा हाय.” आमचे चेहरे पडले. मग तिनंच विचारलं, “फणस लागत्यात का अजून? खातं कोण?”

“अस्वलं खातात, आजी. वानरं पण.”

“खाऊ देत,” ती म्हणाली. मातीचं तिनं विचारलंच नाही.

पुढच्या वेळी आजीलाच घेऊन जायचं ठरलंय. मुक्कामाचा प्लॅन आहे, एका दिवसात तिला दगदग नको. ग्रुपवर मेसेज टाकलाय. यावेळी कुणी टांग दिली, तर गाठ आजीशी आहे!