सावलीतला आकडा आणि उन्हातले जीव

वैशाख सरत आला, रोहिणीत सूर्य गेला आणि नवतपा सुरू झाला, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, अकोला या मुलखात पाऱ्याचीच चर्चा होते. 23 मे 2013 रोजी नागपुरात नोंदलेल्या 47.9 अंश सेल्सिअसचा दाखला तर तेथे आजही दिला जातो. परंतु हा आकडा सावलीचा असतो, हे फारसे कोणी ध्यानी घेत नाही. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर किंवा त्याहून थोडा उंच, वारा खेळता राहील अशा बेताने ठेवलेला असतो. त्यावर ना ऊन पडते, ना तापलेल्या डांबराची धग त्याला थेट लागते. जिवंत देहाला आणि यंत्राला जे सोसावे लागते ते याहून निराळे, आणि प्रत्येकाचे पुन्हा वेगळे.

मोटारीचे दुखणे त्यातल्या त्यात सरळ आहे. हवा तापली की प्रसरण पावते, म्हणून तापमान दहा अंशांनी चढल्यास टायरमधील दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. तो गाडी थंड असतानाच तपासावा, आणि धावून तापलेल्या चाकातील हवा सोडण्याचा मोह टाळावा. बॅटरी हिवाळ्यात दगा देते असा समज असला, तरी तिच्या आतल्या पत्र्यांची झीज होते ती मुख्यतः उन्हाळ्यात. थंडीत ती केवळ उघडकीस येते.

खरे भय आहे ते बंद काचांच्या गाडीचे. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत शिरतो, आसने आणि पुढचा पट्टा त्याने तापतात. त्यांच्यातून निघणारी उष्णता मात्र काच तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही, आणि तापलेल्या हवेलाही निघण्यास वाट उरत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी 2005 साली बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तासाभरात आतले तापमान सरासरी 22 अंशांनी वाढले, आणि त्यातील सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. हे प्रयोग आपल्या वैशाखात नव्हे, पुष्कळच सौम्य दिवशीही केलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे 'दोन मिनिटांत येतो' असे सांगून लेकराला गाडीत ठेवणे किती भयंकर आहे, हे मी पुनःपुन्हा सांगतो ते का, हे कळेल.

मनुष्याचा आधार घाम. तो वाळताना देहाची उष्णता घेऊन जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाण्याची तजवीज असेल तर हा व्यवहार चालतो, वाळ्याच्या ताट्या आणि कूलर याच न्यायाने गारवा देतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत मात्र घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणूनच उष्णतेची लाट ठरवताना हवामान खाते मैदानी प्रदेशात 40 अंशांपासून विचार करते, किनाऱ्यावर 37 पासून. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यात उष्म्याने घेतलेल्या बळींनंतर तेथील महानगरपालिकेने 2013 साली पूर्वसूचना, पाणपोया आणि रुग्णालयांची सिद्धता यांचा रीतसर आराखडा अंमलात आणला. अशा बंदोबस्ताने प्राण वाचतात, याविषयी माझ्या मनात संशय नाही. ऊन लागलेला इसम असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागला, तर प्रथम सावली, अंगावर पाणी आणि वारा, त्याच वेळी रुग्णवाहिकेला निरोप. बेशुद्धाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

कुत्र्याला ही घामाची सवलतही जवळजवळ नाही. त्याचे तापमान मुळातच आपल्याहून अधिक, सुमारे साडेअडतीस अंश. घर्मग्रंथी बहुतेक पंजांच्या तळव्यांत, आणि सारी भिस्त धापांवर. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर धापही पुरी टाकता येत नाही, तरी शहरांतून त्यांची हौस वाढतेच आहे. कुत्र्याला दुपारी फिरावयास नेण्यापूर्वी आपला तळहात रस्त्यावर ठेवून पाहावा; पाच-सात सेकंद तो टिकत नसेल, तर ते पंजेही टिकणार नाहीत. लाळ घट्ट होणे, हिरड्या लालभडक दिसणे, तोल जाणे ही लक्षणे दिसताच पोट, काखा आणि जांघांवर गार पाणी ओतत पंख्याखाली ठेवावे; ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण तो लवकरच ऊब धरतो. देह थोडा निवला की लगेच पशुवैद्याकडे न्यावे, आणि गाडीत बसवण्यापूर्वी चारी दारे उघडून तिच्यातली तापलेली हवा आधी बाहेर काढावी.