मॉरिशस : वाढलेल्या आयुष्याचा हिशेब

हिंदी महासागरातील मॉरिशस या चिमुकल्या बेटाचे नाव मराठी माणसाला परके नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणी कुटुंबांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. परंतु त्या पूर्वजांपैकी किती जणांना म्हातारपण पाहावयास मिळाले असेल? १८६७ साली हिवतापाच्या साथीने या बेटावर हजारो बळी घेतले आणि पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे तो ताप तेथे ठाण मांडून बसला. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मॉरिशसमधील सरासरी आयुर्मान सुमारे ३३ वर्षे होते.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. सर्व माणसे तेहतिसाव्या वर्षी मरत होती, असा तो नव्हे. हजार अर्भकांपैकी सुमारे दीडशे पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत आणि त्यामुळे सरासरी खाली येई. साहजिकच आयुर्मान वाढविण्याचा पहिला मार्ग पाळण्यापाशी सुरू होतो.

१९४९ साली डीडीटीच्या फवारणीची व्यापक मोहीम सुरू झाली. तिला आरोग्यसेवेतील सुधारणांची जोड मिळाली आणि १९५२ च्या सुमारास आयुर्मान पन्नाशीवर, तर १९६२ च्या सुमारास साठीच्या घरात पोहोचले. देश तेव्हा श्रीमंत झाला नव्हता. सारी भिस्त उसावरच होती. संपत्ती आधी आणि आरोग्य मागाहून, हा क्रम अटळ नाही, हे या बेटाने दाखवून दिले.

मात्र मृत्यू घटले तरी जन्म घटले नाहीत. १९४४ साली सव्वाचार लाखांच्या आत असलेली लोकसंख्या १९६२ मध्ये पावणेसात लाखांवर गेली. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड आणि समाजधोरणाचे अभ्यासक रिचर्ड टिटमस या दोघांच्याही १९६१ मधील अहवालांत याविषयी गंभीर इशारे होते. वाचलेली मुले उद्या बेकारांच्या रांगेत उभी राहतील, ही ती भीती होती.

ती भीती खरी ठरली नाही. पण ती आपोआप टळली असेही नाही. कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला आणि त्यात कॅथलिक मंडळींनीही नैसर्गिक पद्धतींच्या मार्गाने भाग घेतला. मुली शाळेत गेल्या. १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर निर्यातीसाठी कापड व तयार कपड्यांचे कारखाने निघाले आणि स्त्रियांच्या हाती वेतन आले. जगलेले मूल जगणारच, असा विश्वास आल्यावर आईबापांनाही मोठ्या कुटुंबाची निकड उरली नाही.

आज आयुर्मान ७४ वर्षांच्या आसपास आहे. तथापि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढीचा वेग मंदावला आहे. शत्रू बदलला, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. प्रौढांपैकी साधारण पाचातील एकाला मधुमेह आहे. डासांवर फवारणी करता येते. ताटातील साखरेवर आणि बैठ्या दिनक्रमावर ती करता येत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. १९५८ पासून येथे वृद्धांना, उत्पन्नाची अट न घालता, सरकारी निवृत्तिवेतन मिळते. आता दर स्त्रीमागे दोन मुलेही जन्मत नाहीत आणि साठी ओलांडलेले सुमारे एक-पंचमांश आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे वेतन साठऐवजी टप्प्याटप्प्याने पासष्टाव्या वर्षापासून देण्याचे जाहीर होताच असंतोष उसळला. हिशेबनिसाच्या दृष्टीने निर्णय समजण्याजोगा आहे. पण उसाच्या शेतात कंबर मोडलेल्या मजुराची साठी आणि कचेरीतील अधिकाऱ्याची साठी सारखी नसते. सरासरी हा भेद लपविते.

तेहतिसापासून चौऱ्याहत्तरापर्यंतचा प्रवास हे या छोट्या राष्ट्राचे मोठे यश आहे. पण आयुष्याची वर्षे वाढविणे हे अर्धेच काम. वाढलेली वर्षे निरोगी कशी जावीत आणि त्यांचा भार कोणी, किती उचलावा, हे ठरविणे हे उरलेले अर्धे. आणि तेथे फवारणीसारखा सोपा उपाय नाही.