गोलवीज : आकाशांतील एक कोडें

बालमित्रांनो, मृगाचा पाऊस तोंडावर आला असतां परभणी जिल्ह्यांतील ताडकळससारख्या गांवीं सायंकाळीं आकाश कसें काळवंडून येतें, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. वारा पडतो, गुरें गोठ्याकडे वळतात आणि क्षितिजावर विजेची पहिली रेघ उमटते. लगेच आजीच्या तोंडून अर्जुनाचीं दहा नांवें ऐकूं येऊं लागतात. मराठवाड्यांत वीज विशेषेंकरून दोन वेळां थैमान घालते : एकदां पावसाळ्यापूर्वींच्या वळवांत, आणि पुन्हा हस्ताच्या परतीच्या पावसांत. ही वीज आपल्या परिचयाची आहे. परंतु तिची एक दुर्मिळ बहीण आहे. ती रेघेसारखी न चमकतां चेंडूसारखी तरंगते. शास्त्रज्ञ तिला बॉल लाइटनिंग म्हणतात. आपण तिला गोलवीज म्हणूं.

प्रथम नेहमींच्या विजेचें थोडेंसें पाहूं. उंच ढगांत बर्फाचे बारीक स्फटिक व गारांचे कण एकमेकांवर आदळतात. या आदळआपटींत हलके स्फटिक धन विद्युत् घेऊन वर जातात आणि जड कण ऋण विद्युत् घेऊन खालीं राहतात. हा सांठा फार वाढला म्हणजे विद्युत् हवा फोडून जमिनीकडे झेप घेते. तिच्या वाटेवरील हवा सुमारें 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या उष्णतेहून ही पांचपट झाली! तापलेली हवा एकदम प्रसरण पावते, तोच गडगडाट. हा सारा खेळ क्षणार्धांत आटोपतो.

गोलवीज मात्र कांहीं सेकंद टिकते. पाहणारे सांगतात कीं, लिंबापासून कलिंगडाएवढा, तांबूस, पिवळा किंवा निळसर असा एक गोळा जमिनीपासून थोड्या उंचीवर संथपणें सरकतो आणि मग गुपचुप विझतो, किंवा मोठा आवाज करून फुटतो. 1753 सालीं ऑगस्टमध्यें रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें रिचमन नांवाचे शास्त्रज्ञ छपरावरील लोखंडी सळईच्या साहाय्यानें मेघांतील विद्युत् मोजीत होते. त्या वेळीं मुठीएवढा निळसर गोळा सळईवरून त्यांच्या कपाळावर आला व ते जागच्या जागीं गतप्राण झाले, असें त्यांच्या सोबत्यानें सांगितलें. ती गोलवीज होती कीं साधी ठिणगी, याविषयीं आजही मतभेद आहे. 1963 सालीं अमेरिकेंत वादळांतून जाणाऱ्या एका विमानांत जेनिसन नांवाच्या प्राध्यापकांनीं वीतभर व्यासाचा प्रकाशमान गोळा वैमानिकाच्या खोलींतून निघून आसनांमधल्या वाटेनें सरळ मागें जातांना पाहिला. शास्त्रज्ञानेंच पाहिलेली गोष्ट, तेव्हां तिला निव्वळ बाजारगप्प कशी म्हणावी?

मग हा गोळा कशाचा? 1955 सालीं रशियन शास्त्रज्ञ कापित्सा यांनीं असा तर्क केला कीं, ढग व जमीन यांच्यामधील विद्युत्-लहरी गोळ्यास बाहेरून शक्ति पुरवीत असाव्यात. 2000 सालीं न्यूझीलंडमधील अब्राहमसन व डिनिस यांनीं निराळीच कल्पना मांडली. वीज मातींत शिरली म्हणजे मातींतील सिलिकॉनची वाफ होते. तिचे अतिसूक्ष्म कण हवेंत तरंगत सावकाश जळतात आणि तोच हा गोळा. पुढें 2012 सालीं चीनमधील संशोधक साध्या विजेचें निरीक्षण करीत असतां, सुमारें 900 मीटरांवर वीज पडून असा गोळा उठला. त्यांच्या उपकरणांनीं त्याच्या प्रकाशाचें पृथक्करण केलें, तों त्यांत सिलिकॉन, लोह व कॅल्शियम हीं मातींतीलच द्रव्यें आढळलीं! ताडकळसची काळी माती ज्या पाषाणापासून झाली, त्यांतही हीं तिन्ही द्रव्यें भरपूर आहेत. तथापि विमानांत माती कोठून आली, याचें उत्तर या उपपत्तीजवळ नाहीं. म्हणूनच कोडें अद्यापि पुरतें सुटलेलें नाहीं.

रात्रीं शिवारांत उजेड दिसला कीं आपल्याकडे आग्या वेताळाचें नांव निघतें. पायाळू मुलावर वीज पडते, हीही समजूत घरोघर आढळते, आणि बिचाऱ्या मुलास ढग आले कीं कोपऱ्यांत कोंडलें जातें. वास्तविक वीज कोणाची जन्मकथा विचारीत नाहीं. ती उंच वस्तूंकडे धांवते, म्हणून एकटें झाड हाच खरा धोका. दरवर्षीं शेतांत कामें करणारे कित्येक जण पावसांत झाडाचा आसरा घेतात आणि प्राणांस मुकतात.

याकरितां एवढें ध्यानांत ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत अंक मोजा. दर तीन सेकंदांस एक किलोमीटर अंतर समजावें. ऐकूं येण्याइतकी वीज जवळ असेल तर पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. उघड्यावर सांपडल्यास पाय जुळवून उकिडवें बसावें, आडवें पडूं नये. जमिनींतून पसरणारी विद्युत् दूर ठेवलेल्या पायांतून सहज शिरते. बैल त्यामुळेंच चटकन दगावतात. वीज लागलेल्या माणसास हात लावण्यांत धोका नाहीं. त्याचा श्वास बंद असेल तर छाती दाबून तत्काळ उपचार सुरू करावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतें. वडील मंडळींनीं तें शेतावर जातांना अवश्य पाहावें.

आणि मुलांनो, घरांत सुरक्षित बसून खिडकींतून असा गोळा कधीं दिसलाच, तर भिऊं नका, त्याच्यामागें धांवूंही नका. तो किती मोठा, कोणत्या रंगाचा, किती सेकंद टिकला, कसा नाहींसा झाला, हें ताबडतोब वहींत टिपून ठेवा. या विषयाचें पुष्कळसें ज्ञान अशाच प्रामाणिक टिपणांवर उभें राहिलें आहे. आजीनें अर्जुनाचीं नांवें अवश्य घ्यावीं. नातवंडांनीं शेजारीं बसून सेकंद मोजावे.